सात नंबरच्या मानेतली चीर

सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची गोल्फची काठी, मशीनमध्ये आवळलेली होती आणि कॅप्टन बिराजदार माझ्या मागं उभं राहून घड्याळ बघत होते.

“शकीलभाई, अजून किती?”

“तीन राहिल्यात साहेब.”

“उद्या अकराला होस्टेलच्या मुली शिकायला येतायत. मॅडमना आज हात बसवून घ्यायचाय. जरा उरका.”

मी बार ओढला. आयर्नची मान थोडी वाकली आणि परत जागेवर आली. पुन्हा ओढला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी अंगाचा भार टाकला, तेव्हा ‘टिक’ असा आवाज आला. फार बारीक. कॅप्टन साहेबांना ऐकूही गेला नाही. मी गेज लावून बघितलं. पाहिजे तेवढा कोन झाला होता. आयर्न काढली, फडक्यानं पुसली आणि आठ नंबरची लावली.

एवढंच झालं. पण त्या ‘टिक’नंतरचा दिवस मला अजून नीट झोपू देत नाही.

मी गोल्फचे क्लब, म्हणजे काठ्या, दुरुस्त करतो. नांदेडला हे सांगितलं की लोक आधी हसतात. इथं गोल्फ कोण खेळतं? खरंय, कुणी नाही. मी चोवीस वर्षं सिकंदराबादला एका गोल्फ मैदानाच्या रिपेअर शॉपमध्ये काम केलं. वालिदांचा आजार निघाला म्हणून परत आलो आणि घरामागं पत्र्याचं शेड टाकलं. हैदराबाद, पुणे, नागपूरहून पार्सलनं सेट येतात, दुरुस्त होऊन परत जातात. गल्लीतल्या लोकांना अजून वाटतं की मी हॉकीच्या काठ्या बनवतो.

बिराजदार साहेब फौजेतून रिटायर झालेले. लातूरच्या अलीकडं, आष्टामोड सोडल्यावर डाव्या हाताला त्यांचा वडिलोपार्जित माळ आहे. तिथं त्यांनी ड्रायव्हिंग रेंज काढली. म्हणजे गोल्फचं अख्खं मैदान नाही, नुसती चेंडू मारायची जागा. चार हिरव्या मॅट, समोर मोकळा माळ, मागं ट्रॅक्टरचं शेड. येऊन जाऊन दहा-पंधरा लोक. त्यातल्या एक वर्षा केंद्रे. अहमदपूरला कॉलेजात पीटी शिकवतात. उंची एवढी की एसटीत शिरताना मान वाकवावी लागते. पूर्वी बास्केटबॉल खेळायच्या. गुडघा गेला, तो खेळ सुटला. मग कॅप्टन साहेबांनी हातात क्लब दिला आणि बाईंना त्याचं वेडच लागलं.

त्यांची अडचण अशी होती, की चेंडू सारखा उजवीकडं जायचा. दोन वर्षं साहेब त्यांची पकड बदलत होते, पाय बदलत होते, खांदा बदलत होते. चेंडू उजवीकडंच. शेवटी साहेबांनी मला बोलावलं.

मी क्लबच्या तळाला टेप चिकटवली आणि त्यांना कडक प्लॅस्टिकच्या पाटीवरून चेंडू मारायला लावला. तळ सपाट टेकत असेल तर टेपवर मधोमध ओरखडा उठतो. त्यांचे सगळे ओरखडे पुढच्या टोकाला होते. मग चेंडूवर मार्करनं उभी रेघ मारली. मारल्यावर त्या रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. तो सरळ यायला पाहिजे. त्यांचा तिरपा आला.

“मॅडम, तुमच्या क्लबचा लाय अँगल चुकीचा आहे,” मी म्हणालो.

लाय अँगल म्हणजे अवघड काही नाही. क्लबचा तळ जमिनीवर सपाट ठेवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय अँगल. कुदळीला दांडा वाकडा बसला तर पातं एका कोपऱ्यानं मातीत घुसतं, तसंच हे. उंच माणसाचे हात वर असतात, त्यामुळं दांडा जास्त उभा राहतो. क्लब साध्या उंचीच्या माणसासाठी बनवलेला असला की त्याचं टोक जमिनीत रुततं, तोंड उजवीकडं फिरतं आणि चेंडू तिकडं पळतो. बुटक्या माणसाचं उलटं होतं. लोक आयर्न घेताना नाव बघतात, चमक बघतात. कोन कुणी विचारत नाही.

वर्षा मॅडमनी टेपवरचा ओरखडा नखानं घासून बघितला.

“म्हंजे चाचा, चूक माझी नव्हती?”

“नव्हती.”

त्या हसल्या नाहीत. पदरानं पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसलं आणि साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान दुसरीकडं वळवली.

उपाय सोपा होता. आयर्नचं डोकं दांड्याला जिथं जोडलेलं असतं त्या नळकांड्याला होझल म्हणतात, मी मान म्हणतो. डोकं मशीनमध्ये आवळायचं, मानेला लांब बार लावायचा आणि दोन-तीन अंश उभी करायची. पण सगळ्या आयर्न वाकत नाहीत. काही घडीव असतात, ठोकून बनवलेल्या. त्यांचं लोखंड मऊ, त्या निमूट वाकतात. काही ओतीव असतात, साच्यात ओतलेल्या. त्या कडक. थोड्या वाकतात, जास्त ओढलं की तुटतात. वरून क्रोमचा मुलामा असला की दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून वाकवायच्या आधी मानेवर आडजागी कानस घासून बघायची. घडीववर कानस लागते. ओतीववर घसरते.

मॅडमचा सेट जुना होता, हैदराबादहून घेतलेला. मी पाच नंबरवर कानस घासली. छान लागली. सेट घडीव आहे असं धरून चाललो. बाकीच्यांवर घासली नाही. साहेबांना घाई होती, माझं मशीन ट्रॅक्टरच्या शेडमधल्या टेबलाला बोल्टनं बसवलेलं होतं, ते सोडवून परत न्यायचं होतं, दिवस कलत होता. पाच आणि सहा लोण्यासारख्या वाकल्या. सात नंबर परत उसळत होती, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. जुन्या सेटमध्ये एखादी आयर्न हरवते आणि मालक तिच्यासारखीच दिसणारी दुसरी आणून घालतो. हे मी शंभर वेळा बघितलंय.

काम झाल्यावर मॅडमनी मॅटवर उभं राहून तीच सात नंबर उचलली. पहिला चेंडू नाकासमोर गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

“चाचा, बघा ना! बघा!” मॅडम लहान मुलीसारख्या ओरडत होत्या.

मी क्लब हातात घेऊन मानेवर अंगठा फिरवला. क्रोमवर एक केसासारखी रेघ होती. मुलामा वाकवताना कधी कधी असा फुटतो, आतल्या लोखंडाला काही होत नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. मॅडमच्या तोंडावर एवढा आनंद होता की “हा क्लब आज नका वापरू” असं म्हणवलं नाही. सामान व्हॅनमध्ये टाकलं आणि नांदेडला आलो.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी शेडमध्ये बार साफ करायला बसलो. बारच्या तोंडात पितळेची पट्टी असते, मान चेपू नये म्हणून. तिला क्रोमचे दोन-तीन पापुद्रे चिकटले होते. नेहमीचंच. मी नखानं काढले. एक पापुद्रा जड लागला. भिंग घेऊन उजेडात धरला.

बाकीच्या पापुद्र्यांची मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत होती. याच्या मागं राखाडी दाणे चिकटलेले होते. रव्यासारखे. ते क्रोम नव्हतं. ते आतलं ओतीव लोखंड होतं, फुटून बाहेर आलेलं.

चहा तसाच गार होत राहिला. मी पापुद्रा पुन्हा भिंगाखाली धरला.

सिकंदराबादला एकदा माझ्या डोळ्यांसमोर असं क्लबचं डोकं उडालं होतं. क्लब फिरवणारा गडी साधाच होता, फार जोर नव्हता त्याच्यात. डोकं तीस पावलांवर उभ्या गाडीच्या दाराचा पत्रा फोडून आत गेलं. गाडीत कुणी नव्हतं. आणि इथं आज अकरा वाजता मुली जमणार होत्या. नवशिक्याला शिकवताना हातात काय देतात? सात नंबर. जगभर सातच देतात. फार लांब नाही, फार आखूड नाही. पन्नासेक मुली एकीमागून एक तोच क्लब फिरवणार होत्या, चेंडू चुकवून मॅटवर आपटणार होत्या, आणि बाकीच्या गोल करून बघत बसणार होत्या.

मी वर्षा मॅडमना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तसंच. साहेबांचा लावला, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. त्या माळावर टॉवर धड नाही, मला माहीत होतं. लातूरच्या साडूंना लावला. ते उदगीरला लग्नात. पोलिसांना लावावा असंही मनात आलं. पण काय सांगणार? गोल्फची काठी मोडणार आहे म्हणून?

नसरीन, माझी बायको, दारात येऊन उभी राहिली.

“काय झालं? चेहरा असा का?”

मी सांगितलं. ती पूर्ण ऐकायच्या आतच म्हणाली, “मग इथं बसून काय करून राहिलात? निघा. फोन मी लावत बसते.”

“अडीच-तीन तासांचा रस्ता आहे गं.”

“म्हणून तर निघा.”

आठ वाजले होते. व्हॅन काढली. लोहा कधी आलं कळलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. ती चीर मानेच्या किती आत गेली असेल? काल मॅडमनी किती चेंडू मारले? दहा? पंधरा? प्रत्येक फटक्याला चीर थोडी पुढं सरकते. आवाज करत नाही. दिसत नाही. जेव्हा संपते तेव्हाच कळतं. कुणी मुलगी मॅटच्या डाव्या बाजूला बसली असेल का? समोर कुणी चेंडू वेचायला गेलं असेल का? मी डोळ्यांपुढं मुलींना लांब लांब नेऊन बसवत होतो आणि त्या पुन्हा जवळ येऊन बसत होत्या.

लोह्याच्या पुढं नसरीनचा फोन आला. गाडी बाजूला घेऊन उचलला.

“मॅडमच्या आईनं उचलला. पोरगी फोन घरीच चार्जिंगला विसरून गेली म्हणे. पहाटेच्या एसटीनं गेली. त्या बाई परसात होत्या, त्यांना वाजलेलं ऐकू नव्हतं गेलं.”

“तू काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. त्या रडायला लागल्या. अहमदपूरच्या स्टँडवर थांबते म्हणाल्या. त्यांना घेऊन जा.”

“अगं, त्यांना कशाला—”

तिनं फोन ठेवला होता.

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर एक बाई रस्त्याच्या अगदी कडेला उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, काळ्यासावळ्या, लेकीसारख्याच उंच. हातात मुलीचा फोन घट्ट धरलेला. व्हॅन थांबायच्या आत त्यांनी दाराला हात घातला.

“तुमीच का काठ्या वाकवणारे?”

“हो ताई. पण मी जोरात चालवणार—”

“चालवा की.”

त्या बसल्या. शिरूर ताजबंदपर्यंत मुलीचा फोन मुठीतून सोडला नाही. तिथं उसाचा ट्रॅक्टर पुढं आला, मागं दोन ट्रॉल्या, रस्ता अख्खा अडलेला. मी हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाला मागं वळून बघेना. व्हॅन रांगत होती. दहा वाजून गेले होते.

“त्ये डोकं उडतं म्हंजे काय व्हतं, भाऊ?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“किती वजनाचं?”

“पाव किलोच्या थोडं वर.”

“आन् जोर?”

“गोफणीच्या दगडासारखा. जास्तच, कमी नाही.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “माझ्या बापानं गोफणीनं कोल्हं मारलं व्हतं. एकाच दगडात. म्या बघितलंय.”

ट्रॅक्टर कडेला सरकला. मी गाडी काढली. थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या,

“तुमाला काल ठावं झालं का आज?”

या प्रश्नाची मला सकाळपासून भीती वाटत होती. बायकोनंही तो विचारला नव्हता.

“आवाज काल आला होता ताई. आत फुटलंय हे आज कळलं.”

“आवाज आला तवा का न्हाई थांबलात?”

“घाई होती.”

“कुणाला?”

“साहेबांना.”

“आन् हात कुणाचे व्हते?”

मी गिअर बदलला. त्यांनी परत विचारलं नाही. समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिल्या. चाकूर गेल्यावर म्हणाल्या, “जरा दाबा.” मी दाबत होतो तेवढं दाबतच होतो. पण अजून दाबलं.

रेंजच्या फाटकाला साखळी होती. वॉचमन खिडकीशी रजिस्टर घेऊन आला. नाव, गाव, गाडी नंबर. मी काही बोलायच्या आत ताई खाली उतरल्या, वॉचमनच्या अंगावरून जाऊन साखळी आकड्यातून काढली आणि फाटक ढकललं. वॉचमन “ओ बाई, ओ बाई” करत राहिला.

मी व्हॅन मॅटपर्यंत नेली नाही, नेता येत नव्हती. मधे तारेचं कुंपण. उतरून पळालो. माझा एक गुडघा कामाचा नाही. पन्नास-साठ पावलं असतील, मला ती कोसभर वाटली.

निळ्या युनिफॉर्ममधल्या मुली जमिनीवर अर्धा गोल करून बसल्या होत्या. मॅटपासून आठ-दहा फुटांवर. मॅटवर दोन वेण्यांची एक बारकी मुलगी उभी होती. तिनं क्लब खांद्यामागं उचललेला होता. वर्षा मॅडम तिच्या कोपराला हात लावून काहीतरी सांगत होत्या आणि मागं सरकल्या.

“थांबवा!” मी ओरडलो. “मॅडम, थांबवा!”

वारा माझ्याकडूनच वाहत होता, तरी कुणाला ऐकू गेलं नाही. मुलीनं क्लब खाली आणला. चेंडू चुकला. क्लबचं डोकं मॅटवर ‘धप्प’ आपटलं. मुली खो खो हसल्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा क्लब अजून अख्खा होता आणि मुलगी लाजून परत पवित्रा घेत होती.

मी पोचलो आणि तिच्या हातातून क्लब ओढून घेतला. ती घाबरून दोन पावलं मागं गेली. मी उलटा करून तळ बघितला. सात.

“शकीलभाई!” कॅप्टन साहेब खुर्चीवरून उठले. त्यांच्या शेजारी होस्टेलच्या अधीक्षक बाई बसल्या होत्या. “हे काय चाललंय?”

मला श्वास घेता येत नव्हता. “साहेब, ही मोडणार आहे.”

“मोडणार? आल्यापासून मुली याच क्लबनं मारतायत. काय झालंय त्याला?”

त्यांनी क्लब घेतला, फिरवून बघितला. बाहेरून काही दिसत नव्हतं. मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “पाहुण्यांसमोर तमाशा नको. बाजूला ठेवा. आपण आठ नंबर घेऊ. तुम्ही पाणी प्या, बसा.”

मी खोटं बोलणार नाही. एक क्षण मला ते बरं वाटलं. क्लब बाजूला जाणार, मुली सुखरूप राहणार, कुणाला काही कळणार नाही. गुपचूप नांदेडला नेऊन भंगारात टाकला असता.

“का मोडणार, चाचा?” वर्षा मॅडमनी विचारलं. त्यांच्या मागं त्यांची आई येऊन उभी राहिली होती. आई माझ्याकडं बघत होती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “काल मशीनवर वाकवताना आवाज आला होता. मी ऐकला. सांगितला नाही. याच्या मानेत चीर आहे.”

वर्षा मॅडम म्हणाल्या, “दाखवा.”

चीर दाखवायची जुनी पद्धत आहे. ट्रॅक्टरमधून थोडं डिझेल काढलं, मानेवर चोळलं, दोन-तीन मिनिटं मुरू दिलं. मग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं. मैदान आखायची पांढरी फक्की पीटीच्या मॅडमकडं होतीच, ती वरून भुरभुरली. चिरेत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या फक्कीवर ओली रेघ उमटते.

मुली आता आमच्याभोवती जमल्या होत्या. आधी काही दिसेना. मग मानेच्या मागच्या बाजूला एक काळसर ठिपका आला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ दोन्ही बाजूंनी सरकत सरकत पुढं आली. मानेला जवळजवळ पूर्ण वळसा घालून थांबली.

“या अल्लाह,” माझ्या तोंडून निघालं.

मी क्लबचं डोकं शेडमधल्या शिकंज्यात धरलं आणि दांडा एका हातानं बाजूला लोटला. जोर लावायची गरजच पडली नाही. बिस्किट मोडावं तसा आवाज झाला आणि दांडा माझ्या हातात आला. तुटलेल्या कडेकडं बघितलं. जिथपर्यंत डिझेल शिरलं होतं तो भाग ओला, काळा. एका बाजूला नखाएवढी जागा कोरडी आणि चमकती होती. डोकं तेवढ्यावर लटकलेलं होतं.

मी ती कड साहेबांना दाखवली. त्यांनी फौजेत बरंच काही बघितलं असेल. पण ते शिकंज्याच्या टेबलाला टेकले आणि टोपी काढून हातात धरली.

वर्षा मॅडमनी कडेला एकदाच बोट लावलं. मग बाहेर गेल्या आणि मुलींना रांगेत उभं करून मोजायला लागल्या. एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या, त्यांनाही माहीत होतं. तरी तिसऱ्यांदा मोजल्या. तेव्हा त्यांची आई पुढं आली आणि एवढ्या उंच लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला.

“फोन घरी टाकून जातीस? आँ? फोन घरी टाकून जातीस?”

आणि मग दोघीही रडायला लागल्या.

दोन वेण्यांची मुलगी माझ्याजवळ आली. तिला यातलं किती कळलं होतं कोण जाणे.

“सर, माझा एक चेंडू राहिलाय. माझा नंबर गेला का?”

“न्हाई गेला,” मी म्हणालो. “थांब जरा.”

मुलींना जेवायला बसवलं. मी शेडमध्ये बसून उरलेल्या प्रत्येक आयर्नच्या मानेवर कानस घासली, प्रत्येकीला डिझेल आणि फक्की लावली. सगळ्या घडीव निघाल्या, सगळ्या शाबूत. ओतीव एकटी सातच होती. तरी मी सगळं पुन्हा केलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या मुलीनं आठ नंबरनं आपला राहिलेला चेंडू मारला. वीस पावलं गेला असेल. बाकीच्या मुलींना साहेबांनी कुंपणापलीकडं उभं केलं होतं.

निघताना साहेब व्हॅनपर्यंत आले.

“घाई मी केली,” ते म्हणाले.

“बार मी ओढला साहेब.”

पुढं त्यावर आम्ही कधी बोललो नाही. साहेबांनी चार महिने मला कुठलंही काम पाठवलं नाही. वर्षा मॅडमनीही माझे फोन उचलले नाहीत. माझी तक्रार नव्हती. मी सिकंदराबादच्या जुन्या सोबत्याला सांगून त्या सेटचं खरं सात नंबरचं डोकं शोधत राहिलो. मिळालं तेव्हा अहमदपूरच्या पत्त्यावर चिठ्ठी टाकली.

मॅडम एसटीनं नांदेडला आल्या. शेडमध्ये स्टूल दिलं तर बसल्या नाहीत. मी कानस घासली ती बघितली. वाकवताना माझ्या हाताकडं बघत राहिल्या. डिझेल, फक्की, सगळं बघितलं. रेघ आली नाही. नसरीननं चहा दिला, तो घेतला. जाताना म्हणाल्या, “आईनं विचारलंय, बरे हाव का म्हणून.”

त्या हिवाळ्यात त्या पुण्याला स्पर्धेत खेळल्या. बक्षीस वगैरे काही नाही, मधेच कुठंतरी नंबर आला. पण चेंडू उजवीकडं जात नाही, असं साहेबांनी फोनवर सांगितलं. म्हणजे कोन बरोबर बसला होता.

आता वाकवलेला प्रत्येक सेट मी दोन दिवस ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी घरामागं जुन्या गाद्या टांगून एकेका क्लबनं स्वतः चेंडू मारून बघतो. मला खेळता येत नाही, पाठ धरते. गिऱ्हाईकांना दोन दिवस थांबणं आवडत नाही. काही दुसरीकडं गेले. जे गेले त्यांची मला काळजी नाही. जे क्लब माझ्याकडं ठेवून जातात, त्यांची वाटते.